गांजाच्या बंदिस्त लागवडीतील प्रकाशयोजना

गांजाच्या बंदिस्त लागवडीतील प्रकाशयोजना म्हणजे कॅनाबिस वंशातील वनस्पती सूर्यप्रकाशाविना, खोलीत किंवा गोदामात वाढवण्यासाठी केलेली कृत्रिम प्रकाशाची व्यवस्था होय. एलईडी दिव्यांचा प्रसार होण्यापूर्वी या लागवडीत मुख्यतः दोन प्रकारचे दिवे वापरले जात असत. पहिला प्रकार फ्लुओरेसंट दिव्यांचा असून त्यात ट्यूबलाइट व सीएफएल यांचा समावेश होतो. दुसरा प्रकार उच्च तीव्रतेच्या विसर्जन दिव्यांचा (एचआयडी) असून त्यात उच्च दाबाचे सोडियम दिवे व मेटल हॅलाइड दिवे येतात. कॅनडा, अमेरिकेतील काही राज्ये व अन्य काही देशांत ही लागवड कायदेशीर आहे. भारतात ती विनापरवाना करणे हा गुन्हा आहे.

फ्लुओरेसंट दिवे वीज वाचवतात आणि एचआयडी दिवे वीज खातात, असा सर्वसाधारण समज आहे. वनस्पतीला मिळणाऱ्या प्रकाशाच्या हिशोबाने पाहिल्यास तो टिकत नाही. दोन्ही प्रकारांतील खरा फरक प्रकाश किती जागेत एकवटला आहे, यात आहे.

प्रकाशाचे मोजमाप

दिव्याच्या वेष्टनावर छापलेले ल्युमेन हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेले आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. निळा व गडद तांबडा प्रकाश त्याला मंद भासतो. त्यामुळे दोन दिव्यांचे ल्युमेन सारखे असले, तरी वनस्पतीच्या दृष्टीने त्यांचे मूल्य वेगळे असू शकते.

प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश उपयोगी धरला जातो. कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये अनेक पिकांच्या पानांवर केलेली मोजमापे या व्याख्येचा महत्त्वाचा आधार आहेत. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश विशेषत्वाने शोषत असले, तरी संपूर्ण पान हिरव्या प्रकाशाचाही बराच उपयोग करते, हे त्यांतून दिसून आले.

वनस्पतींसाठीचा प्रकाश फोटॉनांच्या संख्येत मोजतात. दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारे फोटॉन मायक्रोमोलमध्ये सांगितले जातात. निरभ्र दुपारच्या उन्हात हा आकडा सुमारे २,००० असतो. दिव्याची कार्यक्षमता मायक्रोमोल प्रति ज्यूल या एककात, म्हणजे खर्च झालेल्या प्रत्येक ज्यूल विजेमागे किती फोटॉन मिळाले यावरून, ठरते.

दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाशही महत्त्वाचा असतो. ६०० मायक्रोमोल प्रकाश १२ तास मिळाल्यास एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे २६ मोल फोटॉन पडतात. २०० मायक्रोमोल प्रकाश १८ तास मिळाल्यास ही बेरीज सुमारे १३ मोल होते. मंद प्रकाशाची उणीव अधिक तासांनी काही अंशी भरून निघते. मात्र फुलोऱ्याच्या काळात गांजाला तास वाढवून देता येत नाहीत.

दिवसाची लांबी व फुलोरा

गांजा ही लघुदिवसी वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांब झाली की ती फुलोऱ्यावर येते. महाराष्ट्रात परिचित असलेली शेवंतीही याच गटातील आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियन तूर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास भांगेच्या व हॉपच्या रोपांवर प्रयोग करून लहान दिवसामुळे फुले लवकर येतात असे दाखवले. पुढे १९२० मध्ये अमेरिकेतील गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी दीप्तिकालितेचा सिद्धांत सविस्तर मांडला.

बंदिस्त लागवडीत शाखीय वाढीच्या काळात साधारणपणे १८ तास किंवा त्याहून अधिक प्रकाश दिला जातो आणि फुलोऱ्यासाठी १२ तास प्रकाश व १२ तास अखंड अंधार ठेवला जातो. म्हणजे ज्या अवस्थेत फुले भरतात, त्याच अवस्थेत प्रकाशाचे तास सर्वांत कमी असतात. दिवसाची बेरीज वाढवायची तर तीव्रता वाढवण्यावाचून पर्याय उरत नाही. दोन प्रकारच्या दिव्यांतील निवडीचा प्रश्न मुख्यतः येथेच उभा राहतो.

फ्लुओरेसंट दिवे

फ्लुओरेसंट दिवा हा कमी दाबाचा विसर्जन दिवा आहे. काचेच्या नळीत पाऱ्याची अत्यल्प वाफ व निष्क्रिय वायू असतो. त्यातून वीज वाहू लागली की पाऱ्याचे अणू मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात. नळीच्या आतील बाजूचा पांढरा लेप हे किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. लेपातील द्रव्ये बदलून निळसर पांढरा (६५०० केल्विन) किंवा पिवळसर (२७०० ते ३००० केल्विन) प्रकाश मिळवता येतो. या दिव्यांची व्यापारी विक्री १९३८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली.

नळीच्या जाडीवरून टी-१२ (३८ मिलिमीटर), टी-८ (२६ मिलिमीटर) व टी-५ (१६ मिलिमीटर) असे प्रकार पडतात. भारतीय घरांत पूर्वी सर्वत्र दिसणारी ४ फुटी, ४० वॅटची नळी टी-१२ प्रकारची होती. रोपांसाठी मुख्यतः ५४ वॅटची अधिक प्रकाश देणारी टी-५ नळी वापरली जाते. तिची लांबी सुमारे ११५ सेंटिमीटर असून ती सुमारे ५,००० ल्युमेन प्रकाश देते. अशा चार, सहा किंवा आठ नळ्या एका परावर्तकाखाली शेजारीशेजारी बसवतात.

नळीचा पृष्ठभाग मोठा व तुलनेने कोमट असल्याने ती रोपांच्या शेंड्यांपासून काही सेंटिमीटरवर टांगता येते. प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो. ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांत मांडणीच्या प्रत्येक फळीवर नळ्या बसवण्याची पद्धत याच गुणामुळे रूढ झाली.

उच्च तीव्रतेचे विसर्जन दिवे

या दिव्यांत वीज एका लहान, जाड भिंतीच्या नलिकेतून जाते. आतील दाब व तापमान खूप जास्त असल्याने वाफ स्वतःच दृश्य प्रकाश देते. लेपाची गरज राहत नाही. शंभर ते हजार वॅटची शक्ती काही सेंटिमीटर लांबीच्या ज्योतीत एकवटलेली असते.

मेटल हॅलाइड दिव्यात पाऱ्याबरोबर सोडियम, स्कँडियम इत्यादी धातूंचे हॅलाइड क्षार असतात. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत विकसित झालेले हे दिवे पुढे क्रीडांगणांवरील प्रकाशझोतांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रकाश पांढरा असून त्यात निळ्या भागाचे प्रमाण चांगले असते. सिरॅमिक नलिकेचे दिवे ही याची सुधारित आवृत्ती होय.

उच्च दाबाच्या सोडियम दिव्याची निर्मिती दीर्घकाळ अडली होती, कारण तप्त सोडियम काच व क्वार्ट्झ दोहोंनाही खातो. अमेरिकेतील रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकात अर्धपारदर्शक अ‍ॅल्युमिना तयार केल्यावर हा अडथळा दूर झाला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास दिवा बाजारात आला. भारतीय शहरांच्या रस्त्यांवर दीर्घकाळ दिसलेला पिवळा-नारिंगी प्रकाश याच दिव्यांचा होता. ६०० वॅटचा दिवा सुमारे ९०,००० ल्युमेन प्रकाश देतो. त्याचा बराचसा प्रकाश ५६० ते ६२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो. निळा भाग फारच थोडा असतो.

दोन्ही प्रकारांना विद्युत्प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी चोक लागतो. एचआयडी दिवा पूर्ण तेजस्वी होण्यास काही मिनिटे घेतो आणि तापलेला असताना विझल्यास लगेच पेटत नाही.

तुलना

कार्यक्षमता

अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठाचे जेकब नेल्सन व ब्रूस बगबी यांनी २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात दिव्यांच्या संपूर्ण फिटिंगची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांतील आकडे पुढील तक्त्यात दिले आहेत. शेवटचे दोन स्तंभ या आकड्यांवरून काढलेले गणित आहे. एक चौरस मीटरवर ६०० मायक्रोमोल प्रकाश १२ तास द्यायचा आहे आणि दिव्याचा सर्व प्रकाश झाडांवरच पडतो, असे त्यासाठी गृहीत धरले आहे.

| दिव्याचा प्रकार | मायक्रोमोल प्रति ज्यूल | लागणारी शक्ती (वॅट) | १२ तासांची वीज (युनिट) |
|---|---|---|---|
| फ्लुओरेसंट (सर्वोत्तम) | ०.९५ | ६३२ | ७.६ |
| सोडियम, एका टोकाला स्क्रूची जोडणी | १.०२ | ५८८ | ७.१ |
| सिरॅमिक मेटल हॅलाइड (सर्वोत्तम) | १.४६ | ४११ | ४.९ |
| सोडियम, दोन्ही टोकांना जोडणी (सर्वोत्तम) | १.७० | ३५३ | ४.२ |

तक्त्यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. उत्तम फ्लुओरेसंट फिटिंग व जुन्या धर्तीचे सोडियम फिटिंग यांच्या विजेत सुमारे ७ टक्क्यांचाच फरक आहे. याउलट सोडियम दिव्याच्याच जुन्या व नव्या रचनेत त्याहून कितीतरी मोठी तफावत आहे. केवळ दिव्याच्या जातीवरून खर्चाचा अंदाज बांधणे त्यामुळे चुकीचे ठरते.

तीव्रता

वरील उदाहरणातील ६३२ वॅटसाठी ५४ वॅटच्या सुमारे १२ नळ्या लागतात. त्या एका चौरस मीटरवर बसवल्यास जवळजवळ सगळे छत व्यापले जाते आणि प्रकाश आणखी वाढवण्यास जागाच उरत नाही. दोन्ही टोकांना जोडणी असलेला एक हजार वॅटचा सोडियम दिवा मात्र तेवढीच तीव्रता सुमारे २.८ चौरस मीटरवर देऊ शकतो.

ही मर्यादा महत्त्वाची ठरते, कारण गांजाची अधिक प्रकाश वापरण्याची क्षमता मोठी आहे. मिसिसिपी विद्यापीठातील सुमन चंद्रा व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पानांचे प्रकाशसंश्लेषण सुमारे १,५०० मायक्रोमोलपर्यंत वाढत गेल्याचे आढळले. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या २०२१ मधील प्रयोगात १२० ते १,८०० मायक्रोमोल या पल्ल्यात फुलांचे उत्पन्न प्रकाशाच्या प्रमाणात वाढत गेले. कॅनाबिनॉइड द्रव्यांचे शेकडा प्रमाण मात्र त्याबरोबर वाढले नाही. अधिक प्रकाशाने माल अधिक मिळतो, पण तो अधिक प्रभावी होतोच असे नाही.

प्रकाशाची खोली

दिवा जितका जवळ, तितका शेंडा व खालची पाने यांना मिळणाऱ्या प्रकाशातील फरक मोठा असतो. बिंदूसारखा दिवा ६० सेंटिमीटरवर असेल, तर आणखी ३० सेंटिमीटर खाली त्याचा प्रकाश सुमारे ४४ टक्के उरतो; तोच १० सेंटिमीटरवर असता तर तेवढ्याच अंतराने खाली सुमारे ६ टक्केच उरला असता. नळ्यांच्या रांगेत व परावर्तक भिंतींच्या खोलीत ही घट इतकी तीव्र नसते, परंतु कल तोच राहतो. म्हणून फ्लुओरेसंट दिव्यांखाली झाडे बुटकी व सपाट ठेवावी लागतात. उंच झाडांना एचआयडी दिवे अधिक सोयीचे ठरतात. मात्र त्यांच्यासाठी छतही उंच लागते.

उष्णता

फ्लुओरेसंट दिवे ‘थंड’ असतात हे विधान अर्धसत्य आहे. बंद खोलीत वापरलेली जवळपास सर्व वीज अखेरीस उष्णतेतच बदलते. त्यामुळे समान वॅटचे कोणतेही दोन दिवे खोली सारखीच तापवतात. फरक पृष्ठभागाच्या तापमानात व थेट पानांवर पडणाऱ्या उष्ण किरणांत असतो. एचआयडी दिवा जवळ आणल्यास पाने करपतात. जुन्या चोकसह एक हजार वॅटचे तीन दिवे सुमारे ३.३ किलोवॅट उष्णता निर्माण करतात. ती बाहेर टाकण्यासाठी जवळजवळ एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र लागते आणि त्याची वीज वेगळीच मोजावी लागते.

वर्णपट व झाडाची ठेवण

निळ्या प्रकाशात दोन पेरांमधील अंतर कमी राहते व झाड आटोपशीर वाढते. निळसर फ्लुओरेसंट नळ्या व मेटल हॅलाइड दिवे या दृष्टीने अनुकूल आहेत. केवळ सोडियम दिव्याखाली झाडे उंच व किरकोळ होण्याकडे कल असतो. त्यामुळे अनेक लागवडदार कलमे व रोपे ट्यूबलाइटखाली, शाखीय वाढ मेटल हॅलाइडखाली आणि फुलोरा सोडियम दिव्याखाली अशी विभागणी करीत आले. एकाच पिकात दोन्ही प्रकारांचे दिवे अवस्थेनुसार पूरक म्हणूनही वापरले जातात.

इतिहास

अमेरिकेत गांजाची लागवड उघड्या शेतांतून बंद खोल्यांत जाण्यास पोलिसी कारवाईही कारणीभूत ठरली. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये हेलिकॉप्टरच्या साहाय्याने शेते शोधून नष्ट करण्याची मोहीम सुरू झाली. लागवड घरात गेल्यावर तपास यंत्रणांचे लक्ष दिव्यांकडे वळले. १९८९ मधील ‘ऑपरेशन ग्रीन मर्चंट’ या कारवाईत लागवडीची साधने विकणाऱ्या दुकानांना लक्ष्य करण्यात आले.

एचआयडी दिव्यांच्या उष्णतेतून एक महत्त्वाचा घटनात्मक खटलाही उभा राहिला. ऑरेगन राज्यात १९९२ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उष्णतादर्शक कॅमेऱ्याने एका घराची पाहणी केली. छताचा व भिंतीचा काही भाग शेजारच्या घरांपेक्षा गरम आढळला. त्या आधारे वॉरंट मिळवून झडती घेतली असता शंभराहून अधिक झाडे सापडली. ‘कायलो विरुद्ध संयुक्त संस्थाने’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला. सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या उपकरणाने घराच्या आतील तपशील बाहेरून टिपणे ही झडतीच असून ती वॉरंटविना करणे सामान्यतः अवैध आहे, असे न्यायालयाने म्हटले. घरातील खासगीपणाच्या चर्चेत या निकालाचा आजही दाखला दिला जातो.

पर्यावरण व सुरक्षितता

इव्हन मिल्स यांनी २०१२ मध्ये ‘एनर्जी पॉलिसी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार बंदिस्त गांजा लागवड अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का वीज वापरत होती आणि एक किलो तयार मालामागे सुमारे ४,६०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात हा आकडा अमेरिकेतील ठिकाणानुसार २,२८३ ते ५,१८४ किलो आला. यात दिव्यांखेरीज वातानुकूलन व हवा खेळती ठेवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा आहे. जे पीक उन्हात वाढू शकते, त्यासाठी एवढी वीज खर्च करणे कितपत योग्य, हा प्रश्न कायदेशीर लागवडीबरोबर अधिक ठळक झाला आहे.

फ्लुओरेसंट व बहुतेक एचआयडी दिव्यांत पारा असतो. निकामी दिवे घरगुती कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. मेटल हॅलाइड दिव्याचे बाहेरील आवरण फुटूनही दिवा जळत राहिल्यास हानिकारक अतिनील किरण बाहेर पडतात. एचआयडी दिव्यांची तप्त नलिका, चोकवरील भार व ओलसर खोलीतील सदोष वायरिंग यांमुळे आगीचा व विजेच्या धक्क्याचा धोका असतो.

एलईडीकडे संक्रमण

२०१४ च्या उपरोक्त अभ्यासात सर्वोत्तम एलईडी व सर्वोत्तम सोडियम फिटिंगांची कार्यक्षमता जवळपास सारखी होती आणि एलईडीची प्रारंभिक किंमत अनेक पटींनी अधिक होती. त्यानंतर एलईडी दिवे अधिक कार्यक्षम व स्वस्त झाले. ते झाडांच्या जवळ टांगता येतात आणि त्यांची तीव्रताही मोठी असते. म्हणजे आधीच्या दोन्ही प्रकारांचे मुख्य गुण त्यांत एकत्र आले आहेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये फ्लुओरेसंट दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. युरोपीय संघात सर्वसाधारण वापराच्या टी-५ व टी-८ नळ्या ऑगस्ट २०२३ पासून बाजारात नव्याने आणता येत नाहीत.

कायदेशीर स्थिती

उरुग्वेने २०१३ मध्ये गांजाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा केला. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून ‘कॅनाबिस अ‍ॅक्ट’ लागू असून संघीय कायद्यानुसार एका घरात चार झाडांपर्यंत लागवडीस मुभा आहे. प्रांत याहून कडक नियम करू शकतात. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडे वाढवता येतात. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे भिन्न आहेत.

भारतात गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) लागू आहे. त्याच्या कलम २० नुसार गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड उन्हात वाढवले की दिव्याखाली, याने गुन्ह्याच्या स्वरूपात फरक पडत नाही. कलम १४ अन्वये केवळ तंतू, बी किंवा बागायती कारणांसाठीच्या लागवडीस शासन सशर्त परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीस अशी परवानगी दिली.